हिंसेच्या आधीची वर्षं

ऑगस्ट २०२४ हा महिना आपण इतक्यात विसरू नये. कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. पाठोपाठ बदलापूरच्या एका शाळेत अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. १४ ऑगस्टच्या रात्री बंगालमधल्या हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. २० ऑगस्टला बदलापुरात लोकांनी तासन्‌तास लोकल रोखून धरल्या. दोन्हीकडे तरुण चेहरे मोठ्या संख्येनं होते. राग खरा होता आणि तो व्यक्त व्हायलाच हवा होता. बदलापूरच्या रुळांवरून उठलेली मागणी एकच होती, आरोपीला फाशी द्या.

शिक्षेची मागणी गैर नाही. पण शिक्षा गुन्ह्यानंतर येते आणि तोवर एखाद्या मुलीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. गुन्हा करणारा माणूसही एका दिवसात तयार होत नाही. घरात, वर्गात, गल्लीत, मोबाइलवर तो अनेक वर्षं शिकत आलेला असतो की बाईवर आपला हक्क असतो, तिचा नकार म्हणजे आपला अपमान आणि मित्रांसमोर माघार घेतली तर आपण पुरुष कसले. त्या वर्षांत त्याच्याशी कोण बोलतं, हा या लेखाचा विषय आहे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नावर महाराष्ट्रात आणि देशात बरंच काम झालं आहे. मोर्चाला मिळते तशी प्रसिद्धी त्याला मिळाली नाही. त्यातलं काही काम शास्त्रीय कसोटीवर तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या सगळ्याचं सार सांगायचं तर असं सांगता येईल. साधारण अकरा ते सतरा या वयातल्या मुलामुलींशी विश्वासाचं माणूस ठरावीक दिवसांनी, वर्ष-दोन वर्षं बोलत राहिलं तर त्यांचे विचार बदलतात आणि काही प्रमाणात वागणंही बदलतं. एका दिवसाच्या व्याख्यानानं ते होत नाही. इतकं ठाऊक असूनही आपण आठ मार्चला व्याख्यान ठेवतो, पाहुण्यांना नारळ देतो आणि पुढच्या मार्चपर्यंत मोकळे होतो.

घरातली शिकवणी

आधी प्रश्नाचा आकार पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले. त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून झालेल्या क्रूरतेचा होता. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून अधिक राहिलं आहे. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाची भीती आपण मुलींच्या मनात भरतो, पण धोका बहुतेक वेळा उजेडात, ओळखीच्या माणसांत असतो.

ही झाली नोंदलेल्या गुन्ह्यांची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. बाकीच्या बहुतेक जणींनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

याच सर्वेक्षणातला आणखी एक प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. न सांगता घराबाहेर जाणं, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष करणं, उलट बोलणं, शरीरसंबंधाला नकार देणं, स्वयंपाक नीट न करणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं, चारित्र्याचा संशय येणं, अशी सात कारणं समोर ठेवून विचारलं होतं की यांपैकी एखाद्या कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे का? ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी किमान एका कारणासाठी होकार दिला. म्हणजे मारण्याचा हक्क मारणाऱ्याइतकाच मार खाणारीच्या मनातही रुजलेला आहे. तो रुजवणारी पहिली शाळा घर.

त्या सात कारणांतली बरीचशी बाईनं करायच्या सेवेची आहेत, हे ध्यानात घ्यायला हवं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात कोणतंही घरकाम केलेल्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषाचा ९७ मिनिटं. ताट वाढून मिळणं हा जन्मसिद्ध हक्क आहे असं पाहत वाढलेल्या मुलाला ते उशिरा मिळालं तर संताप येतो, आणि संताप आला की हात उगारणं त्याला स्वाभाविक वाटतं. म्हणूनच या क्षेत्रात काम करणारे लोक मुलग्यांना पहिल्याच सत्रांत विचारतात, तुझ्या घरात पाणी कोण भरतं, कपडे कोण धुतं, सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? हिंसेची चर्चा तिथून सुरू होते.

विशीतल्यांची परंपरा

तरुणांना या कामात ओढणं ही काही परदेशी कल्पना नाही. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा उघडली तेव्हा जोतीराव विशीतले होते आणि सावित्रीबाईंनी जेमतेम सतरावं गाठलं होतं. बालपणी झालेलं लग्न मला मान्य नाही, मी नवऱ्याच्या घरी नांदायला जाणार नाही, असं सांगत रखमाबाई १८८४ पासून मुंबईच्या न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचं वय वीसच्या आसपास होतं. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा निकाल १८८७ मध्ये लागला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. संमतीची आज चाललेली चर्चा इथे जवळपास एकशेचाळीस वर्षांपूर्वीच एका तरुणीनं सुरू केली होती. याच काळात, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पी नीतीला थेट जाब विचारला.

पुढचा मोठा टप्पा १९७२ च्या मथुरा प्रकरणानं आणला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला होता. सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्याच वर्षी स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आलं आणि पुढे गावोगाव गेलं. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभारला. या साऱ्या कामात कॉलेजच्या मुली होत्या. मुलगे मात्र फारसे दिसत नव्हते.

पुरुषांनी या प्रश्नाला आपला म्हणावं, याची एक ठळक सुरुवात मुंबईत झाली. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वृत्तपत्रातून आवाहन केलं, की बायकोला मारणं चूक आहे असं मानणाऱ्या आणि त्याबद्दल काही करू इच्छिणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं. २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ म्हणजेच ‘मावा’ ही संस्था स्थापन झाली. हरीश सदानी तेव्हापासून या कामाशी जोडलेले आहेत. ‘पुरुष स्पंदनं’ हा मावाचा दिवाळी अंक पुरुषपणाच्या ओझ्याबद्दल पुरुषांनाच लिहितं करत आला. दिवाळी अंकाच्या वाचकांना ही आठवण मुद्दाम करून द्यावीशी वाटते, कारण अशा विषयाला मराठीत हक्काची जागा याच परंपरेनं दिली आहे.

वर्गात काय घडलं

सगळ्यांत भक्कम पुरावा शाळांमधून आलेला आहे. मुंबईत २००८ पासून ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’, चेंबूरची ‘कोरो’ आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून ‘जेम्स’ नावाचा उपक्रम ४५ शाळांत राबवला. सहावी-सातवीतली, बारा ते चौदा वर्षांची मुलंमुली त्यात होती. काही शाळांत नुसती मोहीम केली, म्हणजे पोस्टर, स्पर्धा, कार्यक्रम. काही शाळांत मोहिमेच्या जोडीला वर्गात गटसत्रं घेतली. मुलं खेळ खेळत, प्रसंग रंगवत, वाद घालत. घरातली कामं, शरीरातले बदल, मारामारी, भावंडांना मिळणारी वेगवेगळी वागणूक यांवर बोलत. दोन्ही प्रकारच्या शाळांत फरक पडला, पण गटसत्रं झाली तिथे तो ठळक होता. पोस्टर लावणं सोपं असतं आणि त्याचा फोटोही काढता येतो, म्हणून सरकारी योजनांना पोस्टर आवडतात. मुंबईच्या या शाळांनी सांगितलं की गोलात बसून बोलण्याला पर्याय नाही.

दुसरा प्रयोग हरियाणातला. २०११ च्या जनगणनेत तिथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे फक्त ८३४ मुली होत्या. अशा राज्यातल्या ३१४ सरकारी शाळा अभ्यासासाठी निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं त्यांतल्या १५० शाळांत ‘ब्रेकथ्रू’ संस्थेनं सातवीपासून अडीच वर्षं वर्ग घेतले. साधारण तीन आठवड्यांनी एक तासिका, पाऊण तासाची. सुमारे १४,००० विद्यार्थ्यांची पाहणी झाली. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थतज्ज्ञांचा हा अभ्यास २०२२ मध्ये अर्थशास्त्राच्या एका अव्वल नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुलामुलींची मतं समतेकडे सरकली, मुलगे घरकामात जास्त हात लावू लागले आणि वर्ग संपल्यावर दोन वर्षांनीही हा परिणाम टिकून होता.

या अभ्यासातली एक बाब फार बोलकी आहे. वागण्यातला बदल मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसला. मुलग्यानं ठरवलं तर तो आज संध्याकाळी भांडी घासू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मुलीनं ठरवलं तरी तिला बाहेर जाऊ देणं, शिकू देणं हे घरातल्या मोठ्यांच्या हातात असतं. मुलींना धीट करण्याचे वर्ग आपण भरपूर घेतो. ज्यांच्या हातात बदलाची सत्ता आहे त्या मुलग्यांशी आणि पालकांशी बोलणं मात्र राहून जातं.

तिसरा प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला, पण त्यामागची ‘संगथ’ ही संस्था गोव्याची. ‘सेहेर’ नावाच्या या उपक्रमात ७४ शाळांपैकी काहींत प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक नेमला, काहींत तेच काम शाळेच्या शिक्षकांकडे दिलं. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, परिपाठात चर्चा, विद्यार्थ्यांचे गट आणि गरज असेल त्याला एकांतात समुपदेशन, असं कामाचं स्वरूप होतं. समुपदेशक होता त्या शाळांचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि हिंसा कमी झाली, मुलांच्या मनावरचं मळभही हटलं. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र फरक दिसला नाही. आपल्या शिक्षकांना कमी लेखण्याचा इथे प्रश्न नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं यांत पिचलेल्या शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही ठेवली तर त्याचं काय होणार? शिवाय जो गुण देतो, छडी दाखवतो, त्याच्यापाशी मूल आपलं गुपित का सांगेल? हे काम स्वतंत्र माणसाचं आहे आणि त्याला पगार द्यावा लागेल, हा नालंदाचा धडा आहे.

मैदान, वस्ती, कॉलेज

सगळी मुलं शाळेत नसतात, आणि असली तरी मुलगे घडतात ते बरेचसे शाळेबाहेर. म्हणून काही संस्थांनी मैदान गाठलं. मुंबईत ‘परिवर्तन’ या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार केलं गेलं. सरावाच्या आधी किंवा नंतर प्रशिक्षकानं मुलांशी बोलायचं, राग कसा आवरायचा, मुलींबद्दल कसं बोलायचं, मित्र एखादीला त्रास देत असेल तर काय करायचं. ज्या मुलाला वडिलांचं ऐकावंसं वाटत नाही, तो सरांचं ऐकतो. पाहणीत मुलांची मतं सुधारलेली दिसली. पण मित्राला प्रत्यक्ष अडवण्याचं वर्तन त्या मानानं वाढलं नाही. चुकीला चूक मानणं आणि टोळक्यासमोर उभं राहून ते म्हणणं यांत मोठं अंतर आहे. ते पार करायला एका हंगामापेक्षा जास्त वेळ लागतो.

पुढे हाच उपक्रम गोवंडीच्या शिवाजीनगरात ‘अपनालय’ संस्थेच्या साथीनं मुलींसाठी झाला आणि खेळ निवडला कबड्डी. दाट वस्तीतल्या एकुलत्या एक मोकळ्या जागेवर मुलग्यांचाच ताबा असतो. तिथे मुलींनी उतरायचं, दम घुमवत चढाई करायची, पडायचं, पुन्हा उठायचं. वस्तीतल्याच तरुण मुली त्यांच्या मार्गदर्शक होत्या. घराघरांत जाऊन आई-वडिलांना पटवण्यापासून त्यांचं काम सुरू होत असे. सार्वजनिक जागेवर मुलींचा वावर रोजचा झाला की त्यांना तिथून हुसकावणं अवघड होतं, हे या प्रयोगामागचं सूत्र.

वस्त्यांतल्या तरुणांसाठी ‘कोरो’ आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी ‘यारी दोस्ती’ हा अभ्यासक्रम ब्राझीलमधल्या अनुभवावरून मुंबईच्या बोलीत आणि मुंबईच्या प्रसंगांत बसवला. पुण्याच्या वस्त्यांत ‘इक्वल कम्युनिटी फाउंडेशन’नं किशोरवयीन मुलग्यांसोबत दीर्घकाळ काम केलं. मावाचा ‘युवा मैत्री’ हा उपक्रम २००६ मध्ये पुण्याच्या कॉलेजांतून सुरू झाला. त्याची रीत साधी पण कसदार आहे. कॉलेजातून काही तरुण निवडायचे, त्यांची निवासी शिबिरं घ्यायची आणि मग त्यांनीच आपल्या कॉलेजात पथनाट्यं, भित्तिपत्रकं, गटचर्चा यांमधून इतरांपर्यंत पोहोचायचं. हस्तमैथुन, प्रेम, नकार, मत्सर, पॉर्न या विषयांवर बोलायला तरुणांना कुठेच जागा नसते. ती जागा मिळाली की बाईबद्दलची चर्चाही प्रामाणिक होते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ शिबिरं हेच काम आरोग्याच्या दारातून करत आली आहेत.

या साऱ्या कामाचा गाभा मला एका कौशल्यात दिसतो, नकार पचवण्याच्या कौशल्यात. १९९० मध्ये उल्हासनगरच्या परीक्षा केंद्रात एका दहावीच्या विद्यार्थिनीला जाळण्यात आलं. २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भररस्त्यात पेट्रोल टाकलं गेलं. या तीस वर्षांत कायदे कडक झाले. पाठलाग करणं २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा ठरलं, आज भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात ते आहे. पण ‘नाही’ ऐकल्यावर पोटात जे तुटतं त्याचं काय करायचं, हे मुलग्यांना शिकवायची सोय शाळांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात नाही. रडलास तर बायल्या, सोडून दिलंस तर बांगड्या भर, एवढंच शिक्षण त्यांना मिळतं. दुःख बोलून दाखवता न येणाऱ्या मुलाला राग हा एकच मार्ग आपण मोकळा ठेवलेला असतो.

याच शेरेबाजीचा पहिला मार हळव्या, नाजूक चालीच्या मुलग्यांना आणि पारलिंगी मुलांना बसतो. पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य करणाऱ्या २०१४ च्या ‘नालसा’ निकालानं आणि संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळणाऱ्या २०१८ च्या निकालानं कायद्याची बाजू उजळली, शाळेच्या स्वच्छतागृहातला छळ मात्र चालूच आहे. लिंगभावावर आधारित हिंसा म्हणताना ही मुलंही डोळ्यांसमोर असायला हवीत.

मुलींभोवतीची कुंपणं

२०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर पाच स्त्रियांमागे एकीहून थोड्या अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी, बीड या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. कारणं गावात सगळ्यांना माहीत आहेत. ऊसतोडीची मजुरी जोडप्याच्या हिशेबानं, एका कोयत्यावर उचल मिळते. आई-बाप सहा महिने कारखान्यावर, वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? छेडछाड झाली तर बदनामी मुलीचीच. मग दहावीच्या आतच लग्न उरकलं जातं. मुलग्यांच्या छेडछाडीची किंमत मुलगी शिक्षण सोडून चुकवते, आणि अल्पवयात लग्न झालेल्या मुलीच्या वाट्याला पुढे नवऱ्याची हिंसा जास्त येते. म्हणून मुलग्यांबरोबरचं काम आणि बालविवाह रोखणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत.

इथेही सातत्यानं फरक पडल्याचा जुना दाखला आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग सुरू केला. शिकवणाऱ्या बायका गावातल्याच होत्या, वर्ग रोज तासभर चाले आणि पालकही त्यात गुंतलेले होते. अशा गावांत मुलींच्या लग्नाचं वय साधारण सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष कमी वाटेल, पण शाळेतलं ते एक वर्ष मुलीच्या आयुष्याची दिशा ठरवू शकतं.

आपल्याच माणसांविरुद्ध

सर्वांत अवघड बंड आपल्या घरच्यांविरुद्ध करावं लागतं. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री वधूचं कौमार्य तपासून जातपंचायतीपुढे जाहीर करण्याची प्रथा होती. २०१७-१८ मध्ये या समाजातल्याच शिकलेल्या तरुण-तरुणींनी व्हॉट्सॲपवर एकत्र येऊन ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ ही मोहीम सुरू केली. पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली, बहिष्काराच्या धमक्या आल्या. तरी ते हटले नाहीत आणि या चाचणीशिवाय लग्नं लावून दाखवली. २०१६ मध्ये मंजूर झालेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्यांच्या पाठीशी होता. पुढे २०१९ मध्ये ही चाचणी लैंगिक अत्याचार मानण्याची भूमिका राज्य सरकारनं जाहीर केली. बाहेरच्या कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षं जे करता आलं नसतं, ते आतल्या विशी-पंचविशीतल्या मुलांनी केलं.

जात आणि हिंसा यांचं नातं लग्नाच्या निवडीत सगळ्यांत उघडं पडतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ‘जोडीदाराची विवेकी निवड’ हे संवाद त्यासाठी महत्त्वाचे वाटतात. हुंडा, पत्रिका, जात, घरकामाची वाटणी, एकमेकांवरचा संशय यांबद्दल लग्नाआधी बोलायला शिकलेलं जोडपं लग्नानंतर हात उगारण्यापर्यंत जाण्याची शक्यता कमी असते, हा त्यामागचा विश्वास आहे.

हातातला मोबाइल

आजच्या तरुणाच्या आयुष्यात कट्ट्याची जागा बऱ्याच अंशी मोबाइलनं घेतली आहे. ब्रेकअप झालं की खासगी फोटो गटावर टाकण्याची धमकी, खोट्या नावानं खातं काढून बदनामी, कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली नग्न चित्रं, सतत ‘कुठे आहेस, लोकेशन पाठव’ असा पहारा, हे सगळं कॉलेजांत रोजचं झालं आहे. यात फोटो टाकणारा एक असतो आणि पुढे पाठवणारे पन्नास. ते पन्नास जण स्वतःला गुन्हेगार समजत नाहीत. फोटो अल्पवयीन मुलीचा असेल तर तो बाळगणं आणि पसरवणं हाही गंभीर गुन्हा आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं.

म्हणून इथे बघ्यांचं शिक्षण सर्वांत गरजेचं आहे. फोटो आला की पुढे न पाठवणं, गटात ‘हे काढ’ असं लिहिणं, त्या मुलीला एकटं न पाडणं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते हे तिला सांगणं, ही कामं प्रत्येकाला जमण्यासारखी आहेत. २००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’नं ‘बेल बजाओ’ ही मोहीम चालवली होती. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर काहीतरी निमित्त काढून दारावरची बेल वाजवा, एवढंच तिचं सांगणं होतं. मारणाऱ्याला कळलं पाहिजे की कुणीतरी ऐकतं आहे. आजच्या तरुणांना हीच बेल मोबाइलवर वाजवायची आहे.

कुठे अडतं

या कामाच्या मर्यादाही स्पष्ट मांडायला हव्यात. बहुतेक अभ्यासांत बदल मुलांच्या स्वतःच्या सांगण्यावरून मोजला जातो, आणि काय उत्तर अपेक्षित आहे हे मुलांना कळतं. मत बदलल्यावर दहा वर्षांनी तोच मुलगा नवरा म्हणून कसा वागतो, याचा माग फारसा काढला गेलेला नाही. प्रयोग यशस्वी ठरतो, देणगीचा काळ संपतो, प्रशिक्षित माणसं पांगतात आणि शाळा पुन्हा होती तिथे येते.

सरकारी यंत्रणेत कागद बरेच आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ‘साथिया’ नावाचे गावातले मित्र-शिक्षक आहेत. महाराष्ट्र शासनानं २०२२ मध्ये शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय घेतला. उच्च शिक्षणात २०१५ च्या यूजीसी नियमांनी अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तेव्हा, निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी सांगितले आहेत. हे सगळं नीट चाललं तर निम्मं काम होईल. पण कितीतरी ठिकाणी समिती फलकावर असते आणि तिच्या सदस्यांची नावं विद्यार्थ्यांना ठाऊक नसतात. बदलापूरनंतर या समित्यांची शोधाशोध झाली, यातच सगळं आलं.

कायद्याचीही एक अडचण आहे. पॉक्सोनुसार अठराखालच्या व्यक्तीचा कोणताही शरीरसंबंध गुन्हा ठरतो आणि तो कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. मुलांचं शोषण रोखण्यासाठी हा कायदा अत्यावश्यक आहे. पण सतरा वर्षांची दोघं परस्परसंमतीनं जवळ आली आणि त्यांतल्या एकीला सल्ला हवा असेल, तर ती समुपदेशकाकडे जाताना घाबरते आणि समुपदेशकही घाबरतो. किशोरांशी मोकळं बोलायचं तर या पेचावर कायदेतज्ज्ञ, न्यायालयं आणि संसद यांना विचार करावाच लागेल.

आता काय

मला वाटतं, मागणी आता फाशीच्या पुढे न्यायला हवी. प्रत्येक माध्यमिक शाळेत किंवा निदान शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक हवा, आणि सहावी ते दहावीच्या वेळापत्रकात पंधरवड्यातून एक तासिका या संवादासाठी राखलेली हवी. मुलगे, मुली, दोघांसाठी, आणि अधूनमधून पालकांसाठीही. पंजाब आणि ओडिशा या राज्यांनी हरियाणातल्या अभ्यासक्रमाच्या धर्तीवर शाळांत पाऊल टाकलं आहे. सावित्रीबाईंचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्रानं मागे का राहावं?

शाळेबाहेर आपल्याकडे अशी तरुणांची यंत्रणा आहे जी इतर राज्यांना सहज मिळणार नाही. गणेश मंडळं, गोविंदा पथकं, ढोल-ताशा पथकं, तालमी, कबड्डीचे संघ, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं. इथले दादा, ताई, वस्ताद, सर यांचा शब्द मुलं झेलतात. या मंडळींना वर्षातून चार-पाच वेळा एकत्र बसवून तयार करणं हे एखाद्या देखाव्याच्या खर्चात होण्यासारखं काम आहे. पथकातल्या मुलीला सराव संपल्यावर निर्धास्त घरी जाता येतं का, तिच्याबद्दल मागून काय बोललं जातं, हे विचारणारा पथकप्रमुख दहा पोस्टरांचं काम करतो.

आणि बोलायला सुरुवात झाली की मुलं आपल्यावर झालेलं सांगू लागतात, म्हणून मदतीची वाट आधी तयार हवी. १०९८ ही बालमदतवाहिनी, १८१ ही महिला मदतवाहिनी, जिल्ह्यातलं ‘सखी’ केंद्र, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये सुरू होऊन इतर रुग्णालयांत पोहोचलेलं ‘दिलासा’ केंद्र, यांचे पत्ते शाळेच्या फलकावर आणि मुलांच्या तोंडी असायला हवेत. तक्रार केल्यावर मुलीचंच शिक्षण बंद होणार असेल तर ती का बोलेल? पालकांनी आज आपल्या मुलीला एवढं सांगावं, की तुला कुणी त्रास दिला तर शाळा तुझी सुटणार नाही. आणि मुलाला सांगावं, की तुला कुणी नाही म्हटलं तर दुःख कर, आमच्यापाशी ये, पण तिच्या वाटेला जाऊ नकोस.

सहावीत पाऊल ठेवणारं मूल दहावी होईपर्यंत आपल्या हाती पाच वर्षं असतात. एवढ्या काळात काय करता येतं हे मुंबईच्या, हरियाणाच्या, नालंदाच्या शाळांनी करून दाखवलं आहे. गुन्ह्यानंतर रस्त्यावर येणाऱ्या गर्दीतल्या थोड्या लोकांनी जरी आपल्या गावच्या शाळेत, मंडळात, तालमीत ही पाच वर्षं मागितली, तिथे स्वतः वेळ दिला आणि समिती नावापुरती राहू दिली नाही, तर पुढच्या कितीतरी मुलींसाठी मोर्चा काढायची वेळच येणार नाही.